वाट दाखवावी, ढकलू नये
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



महाविद्यालयात अभ्यास-मार्गदर्शक म्हणून मी काम करते. पुष्कळजणी विचारतात, "म्हणजे आपण करता तरी काय?" शिकवणे प्राध्यापकांकडे, फी घेणे कचेरीकडे, मग या बाईंकडे उरते काय? उरते ते एवढेच, की आपण काय शिकावे हे मुलगी ठरवीत असताना तिच्याजवळ बसायचे.

पूर्वी कला, विज्ञान की वाणिज्य, एवढे ठरले की पुढची वाट बहुतेक आखलेलीच असे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने निवड पुष्कळ वाढविली. मुख्य विषय, जोडीचा विषय, एखादे कौशल्य, हे सारे आता विद्यार्थ्याने निवडायचे. ताट भरले खरे. पण भूक कशाची आहे, हे कुणीतरी विचारायला नको का?

म्हणून आधी ऐकावे, हा माझा पहिला नियम. मी प्रश्न मुलीला विचारते आणि उत्तर वडील देतात. मी पुन्हा तिलाच विचारते. कधी कधी तिसऱ्या भेटीत तिचा आवाज फुटतो. मग प्रत्येक वाटेवर वेळ किती, खर्च किती, पुढे काय, हे मी मांडते. "हेच घे" असे मात्र म्हणत नाही. ओझे ज्याच्या खांद्यावर, निवडही त्याचीच असावी.

आता जिवाला लागणारी गोष्ट सांगते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यानुसार पहिल्या वर्षाचे ४० श्रेयांक, म्हणजे मुलींच्या भाषेत क्रेडिट, आणि सुट्टीतला ४ श्रेयांकांचा व्यवसाय-अभ्यासक्रम पुरा केला, की प्रमाणपत्र घेऊन थांबता येते. अडल्यानडल्यांसाठी सोय चांगलीच आहे. पण "प्रमाणपत्र हाती आले, आता स्थळे पाहू," असे म्हणणारे पालकही माझ्यासमोर येऊन बसतात. मुलगी खाली मान घालून असते. सोय कुणाची आणि गैरसोय कुणाची, हे मग निराळे सांगावे लागत नाही.

अशा वेळी मी भांडत नाही. त्याच आराखड्यातले पुढचे वाक्य वाचून दाखविते: थांबलेल्या विद्यार्थ्याला ३ वर्षांच्या आत परत येता येते आणि एकंदर ७ वर्षांत पदवी पुरी करता येते. मिळविलेले श्रेयांक जमा ठेवण्यासाठी २०२१ पासून श्रेयांक पेढीही आहे. दार बाहेर जाण्याचे आहे, तसेच ते आत येण्याचेही आहे. परंतु परतीचे दार आपोआप उघडत नाही. ते कुणीतरी लक्षात ठेवावे लागते.

भगिनींनो, ते लक्षात ठेवणे एकट्या मार्गदर्शक बाईचे काम नव्हे. लग्न ठरले की आपण मानपानाच्या याद्या करतो. त्या यादीत मुलगी कॉलेजात परत कधी जाणार, ती तारीखही लिहा, आणि दोन्ही घरच्यांची सही घ्या. हळदीकुंकवाला एखादी नवी सून भेटली, तर "माहेर कुठले?" याच्यामागोमाग "शिक्षण कुठवर आले?" हेही विचारा. तेवढ्या एका प्रश्नाने तिला कळेल, की आपले राहिलेले शिक्षण कुणाच्या तरी ध्यानात आहे.