टपालपेटीवरची दोन नावं

नोकरीनिमित्त नवरा-बायको परदेशी गेले की घरून येणाऱ्या फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काय, रुळलात का?" या प्रश्नामागे अशी समजूत असते की रुळणं हा स्वभावाचा भाग आहे. बोलकं माणूस रमतं, भिडस्त माणूस कुढतं. स्वभावाला महत्त्व नाही असं मी म्हणत नाही. पण पहिल्या दिवसांत जोडप्यातला एक जण भराभर रुळतो आणि दुसरा मागे पडतो, त्याचं कारण मला स्वभावापेक्षा कागदपत्रांत जास्त दिसतं. काय काय कोणाच्या नावावर झालं आणि कोणाचं नाव कुठेच लागलं नाही, यावर बरंच ठरतं. पुण्यातली संगणक अभियंता झालेली एखादी मुलगी डोळ्यांसमोर आणा. नवऱ्याला अमेरिकेत एच-वन-बी व्हिसावर नोकरी लागली, तर तिला मिळतो एच-फोर. त्यावर तिला शिकता येतं, पण नोकरी करता येत नाही आणि कामाची परवानगी नाही म्हणून सोशल सिक्युरिटी नंबरही मिळत नाही. मे 2015 पासून यातल्या काहींना काम करायची मुभा मिळाली, पण त्यासाठी नवऱ्याचं ग्रीनकार्डाचं प्रकरण ठरावीक टप्प्यापर्यंत जावं लागतं. आता तोच नवरा ब्लू कार्डावर, म्हणजे उच्चशिक्षितांसाठीच्या निवास परवान्यावर, जर्मनीला गेला असं समजा. तिकडे हे कार्ड ऑगस्ट 2012 मध्ये सुरू झालं. त्याच्या जोडीदाराला येण्याआधी जर्मन भाषेची परीक्षा द्यावी लागत नाही आणि आल्यापासून कुठलीही नोकरी करता येते. मुलगी तीच, पदवी तीच, स्वभावही तोच. तरी एका देशात तिचा सोमवार घरात जाईल आणि दुसऱ्या देशात मुलाखतीला. हा फरक स्वभावाने पडलेला नाही.

मग जर्मनीत सगळं आलबेल आहे का? नाही, आणि माझा मुद्दा खरा तिथेच आहे. कायद्याने दार उघडलं तरी कारकुनी कामात ते परत लोटलं जाऊ शकतं. जर्मनीत घर घेतल्यावर दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कचेरीत पत्ता नोंदवावा लागतो आणि त्यासाठी घरमालकाचा लेखी दाखला लागतो. बऱ्याच ठिकाणी कुटुंबातर्फे एकाने गेलं तरी चालतं, म्हणून नवराच जातो. नंतर प्रत्येकाचा करक्रमांक टपालाने घरी येतो. तिथला पोस्टमन मात्र नुसता घर क्रमांक पाहून पत्र टाकत नाही, तो पेटीवरचं आडनाव पाहतो. आपल्याकडे लग्नानंतर बाईचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलायची रीत आहे, पण पासपोर्ट पुष्कळदा माहेरच्या नावाचाच असतो. पेटीवर नुसतं नवऱ्याचं आडनाव चिकटवलं की तिच्या नावाचं पत्र परत जातं. करक्रमांक नसला की तिच्या पहिल्या पगारातून सर्वांत चढ्या दराने कर कापला जाण्याची वेळ येऊ शकते. हे सगळं का, तर बोटभर कागदाची पट्टी लावायची राहिली म्हणून!

आरोग्यविम्याचंही तसंच आहे. सरकारी पद्धतीच्या विम्यात न कमावणारा जोडीदार वेगळा हप्ता न भरता सामावला जातो आणि त्याला स्वतःचं कार्ड मिळतं. भरपूर पगार असणाऱ्याला खासगी विमा घ्यायची मुभा असते. तरुण माणसाला त्याचा हप्ता स्वस्त वाटतो, पण तिथे बायकोचा हप्ता वेगळा मोजावा लागतो. पहिल्याच आठवड्यात नवऱ्याने एकट्याने केलेली ही निवड पुढे सहजासहजी फिरवता येत नाही. पगारातून दरमहा किती कर कापायचा ते ठरवणाऱ्या करवर्गाची गोष्ट तर आणखी बारकाईने पाहण्यासारखी आहे. लग्न झालेल्या दोघांना सरकार आपोआप चार-चार हा वर्ग देतं. कमावणारा एकच असेल तर तीन-पाच, म्हणजे त्याला तीन आणि तिला पाच, घेतल्याने त्याच्या हातात दरमहा जास्त पैसे पडतात, आणि तोवर ते योग्यच आहे. पण पुढे तिला नोकरी लागली आणि वर्ग बदलायचा राहिला, तर तिच्या हाती पडणारा पगार इतका किरकोळ दिसतो की "एवढ्यासाठी कशाला धडपडायचं?" असं घरातच कोणीतरी म्हणतं. वर्षाअखेरीला विवरणपत्र भरलं की दोघांचा मिळून कर तेवढाच निघतो, हे खरं. पण बाळंतपणानंतरचा भत्ता आणि बेकारीभत्ता हातातल्या पगारावर बेततात. ते कमी मिळतात आणि विवरणपत्र भरल्याने भरून निघत नाहीत.

यावर कोणी म्हणेल, ज्याची नोकरी त्याचे कागद आधी, यात गैर काय? पगार जमा व्हायला खातं लागतंच. कबूल. पण तेच खातं दोघांच्या नावाने उघडलं तर पगार अडत नाही. घरभाड्याच्या करारावर दोन सह्या झाल्याने भाडं वाढत नाही. घाई असते हे खरं, पण दुसरं नाव घालायला लागणारा वेळ मिनिटांतच मोजावा लागेल. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, की भाषा येत नसेल तर नुसत्या कागदांनी काय होणार? भाषेवाचून अडतं, हे मान्यच. पण सरकारी अनुदानाच्या भाषावर्गात नाव घालायचं तर पुन्हा निवास परवाना आणि पत्त्याची नोंद दाखवावी लागते. शिवाय भाषा वर्गात सुरू होते आणि काउंटरवर पक्की होते. कचेरीत, बँकेत, दवाखान्यात दर वेळी नवराच बोलत राहिला तर ती पक्की कुठे व्हायची?

राहता राहिलं मराठी मंडळ. लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 चं, म्हणजे ही परंपरा जुनी आहे. गणपतीला ढोल वाजतो, दिवाळीचा फराळ मिळतो, आजारपणात डबा येतो. हा आधार मोठा आहे आणि त्याला नाव ठेवायची माझी इच्छा नाही. पण मंडळात तिची ओळख पुष्कळदा अमक्याची बायको म्हणूनच होते. तिथल्या जुन्याजाणत्या बायका मात्र एक काम फार चांगलं करू शकतात. पोळपाट-लाटणं कुठे मिळतं हे सांगताना नव्याने आलेलीला त्यांनी करवर्ग कधी बदलायचा तेही सांगावं, आणि कचेरीत पहिल्यांदा जाताना तिच्या बाजूला बसावं. बोलणं मात्र तिलाच करू द्यावं, मोडकंतोडकं का होईना.