पंप ‘गेला’ म्हणण्याआधी

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



कापसाला काय भाव मिळतो आणि ज्वारीला काय मिळत नाही, यावर सकाळपासून बोलणे झाले. आता खर्चाच्या बाजूची एक गोष्ट बोलू. उत्पादन खर्च मांडताना आपण बियाणे, खत, मजुरी लिहितो. यंत्राच्या दुरुस्तीचा रकाना कोरा राहतो. पैसा मात्र रोखीने जातो, आणि नेमका वापशावर जातो.

पाऊस पडून वापसा आला की कोरडवाहू माणसाच्या हातात पेरणीचे चार-पाच दिवस असतात. त्याच वेळी ट्रॅक्टरची लिफ्ट पंजी उचलेनाशी होते. मिस्त्री येतो, कान लावतो आणि सांगतो, “पंप गेला.” घाईतला माणूस विचारत नाही, कशावरून? जुना पंप निघतो, नवा बसतो, पैसे मोजले जातात. पुष्कळदा दोष पंपात नसतोच. मिस्त्र्यावर माझा राग नाही. त्यालाही कोणी मापाने तपासायला शिकवलेले नाही. पण पैसे आपले जातात, तेव्हा हा पंप काय आहे ते आपणच समजून घेऊ.

चरक नव्हे, रहाट

बहुतेक ट्रॅक्टरांच्या लिफ्टला गिअर पंप असतो. काही जुन्या घडणीच्या ट्रॅक्टरांत पिस्टनचा पंप असतो, ते सोडून देऊ. गिअर पंपात एका घट्ट डब्यात एकमेकांत दात घातलेली दोन चाके असतात. एकाला इंजिन फिरवते, ते दुसऱ्याला फिरवते. एका बाजूने तेल आत येते, दुसऱ्या बाजूने बाहेर जाते.

ऊस जसा चरकाच्या दोन रुळांमधून जातो तसे तेल दोन चाकांच्या मधून जात असेल, असे पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात उलटे आहे. दात जिथे एकमेकांतून सुटतात तिथे जागा मोकळी होते आणि तेल ओढले जाते. दोन दातांमधली खाच म्हणजे रहाटाचे गाडगे. ते भरून डब्याच्या भिंतीच्या कडेने बाहेरून फिरते आणि पलीकडे रिकामे होते. मधे दात पुन्हा एकमेकांत बसतात, म्हणून तेलाला परतीची वाट राहत नाही.

एका फेऱ्यात १० घनसेंटीमीटर तेल देणारा पंप मिनिटाला २,००० फेरे फिरला, तर मिनिटाला २० लिटर तेल देतो. पुढे वाट असो वा नसो, तो ढकलतच राहतो. म्हणून त्याच्या पुढे रिलीफ व्हॉल्व्ह असतो. धरणाला सांडवा असतो, तसाच. दाब मर्यादेपलीकडे गेला की तेल सांडव्यावाटे टाकीत परत येते.

दाब येतो कुठून?

ही गोष्ट नीट ध्यानात घ्या. पंप दाब तयार करत नाही, तो फक्त तेल पुढे ढकलतो. दाब तयार होतो समोरच्या ओझ्यामुळे. वखर उचलून धरला तर बैलाच्या मानेवर जू हलके असते, पास जमिनीत रुतली की जू बसते. तसेच आहे. ओझे नाही तर दाब नाही. आणि वाटेत गळती असेल तर ओझे असूनही दाब चढत नाही, मग पंप कितीही नवा असो.

१० सेंटीमीटर व्यासाच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे ७८.५ चौरस सेंटीमीटर. चौरस सेंटीमीटरला १५० किलोचा दाब चढला तर दट्ट्यावर जोर येतो जवळजवळ पावणेबारा टन. दांड्यांच्या तरफेमुळे मागे अवजाराला मिळणारी उचल यापेक्षा बरीच कमी असते.

ट्रॉली पालथी करणारा दट्ट्या, खोदकामाची यंत्रे, कारखान्यातले लहानमोठे प्रेस, सगळीकडे हेच तत्त्व आहे. सुटे भाग थोडे, किंमत कमी आणि पिस्टन पंपापेक्षा जरा जास्त सोसणारा, म्हणून उद्योगाने गिअर पंप उचलला. फार मोठ्या दाबाला मात्र पिस्टन पंपच लागतो. तुमचा कापूस जिनिंगमध्ये गेल्यावर रुईची १७० किलोची गाठ बांधणारा प्रेसही तेलाच्या दाबावर चालतो. रुई भुसभुशीत असते तेव्हा भरपूर तेल, कमी दाब. ती आवळत आली की थोडे तेल, मोठा दाब. तिथे प्रेस थांबला की मालक आधी दाबाचा काटा पाहतो. आपणच तेवढे कान लावून निदान मान्य करतो.

पंप मरतो कशाने?

चाके आणि डबा यांच्यातली फट केसाच्या जाडीपेक्षाही कमी असते. आपली धूळ तेलात गेली की हीच फट खरवडली जाते. उघड्या डब्यातून, मळक्या नरसाळ्यातून तेल ओतणे म्हणजे पंपाला वाळू चारणे. दुसरे कारण उपासमार. शोषणाकडची जाळी चोंदली किंवा तेल कमी झाले की पंप खडे भरडल्यासारखा आवाज करतो. तेलाला फेस येत असेल तर शोषणाच्या नळीतून हवा शिरते आहे. तेल दुधासारखे दिसले तर त्यात पाणी आहे.

तपासायचा क्रम असा ठेवा:

१. तेलाची पातळी आणि रंग पाहा. पुस्तिकेत सांगितलेलेच तेल घाला.

२. जाळी आणि फिल्टर काढून पाहा.

३. अवजार उचलून इंजिन बंद करा. ते लगेच खाली बसत असेल तर त्याचा दोष पंपावर घालू नका. सिलिंडरचे सील किंवा व्हॉल्व्ह गळतो आहे.

४. दाबाचा काटा लावा. पुस्तिकेतला आकडा गाठला आणि तरी लिफ्ट उचलत नसेल, तर दोष पुढे आहे. आकडा गाठत नसेल तर आधी रिलीफ व्हॉल्व्ह, मग पंप.

५. गार असताना उचलते आणि तेल तापल्यावर सोडते, ही आतल्या झिजेची खूण. तेव्हा पंपावर संशय घ्यायला जागा आहे.

पंप बदलावाच लागला तर जुने तेल आणि फिल्टरही बदला, नाहीतर नवा पंप जुन्याच्याच वाटेने जाईल. त्याची फिरण्याची दिशा जुन्याशी जुळते का, तेही पाहून घ्या.

एक ताकीद. रिलीफ व्हॉल्व्ह आवळून जोर वाढवू नका, डबा किंवा नळी फुटेल. उचललेल्या अवजाराखाली शिरू नका. दाबाखालची गळती हाताने चाचपू नका, पुठ्ठा धरून पाहा. सुईएवढ्या छिद्रातून सुटलेले तेल कातडीत घुसते. जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब दवाखाना गाठा, उशिराने हात गमवावा लागतो.

गावाने काय करायचे?

दाबाचा काटा एकट्याने घेण्याची गरज नाही. गावातल्या ट्रॅक्टरवाल्यांनी मिळून एक घ्यावा. सोबत झाकणाचा स्वच्छ डबा, जाळीचे नरसाळे आणि एक वही असावी. कोणत्या ट्रॅक्टरचा दाब कधी किती भरला, ते वहीत लिहावे. तपासणी उन्हाळ्यात व्हावी, वापशावर नव्हे. ज्यांच्याकडे ट्रॅक्टर नाही, भाड्याने घेतात, त्यांचेही यात हित आहे, कारण बंद ट्रॅक्टरचा खर्च शेवटी भाड्यातच चढतो.

दुरुस्तीच्या वेळी तीन गोष्टी मागा. बदलण्याआधी काट्यावरचा आकडा, काढलेला जुना भाग आणि पक्के बिल. पैसे देऊन घेतलेली दुरुस्ती ही सेवा आहे. तिच्यात खोट निघाली तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा आधार घेता येतो, पण बिल नसेल तर तक्रार उभी करणे अवघड. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा तिच्या विषयांत शेतीची यंत्रेही होती. समितीच्या कागदाने आपली लिफ्ट उचलली जाणार नाही. पुस्तिका मराठीत मिळाली पाहिजे, सुटा भाग तालुक्याला मिळाला पाहिजे आणि तपासणीचे आकडे खुले असले पाहिजेत, ही मागणी आपल्यालाच लावून धरावी लागेल.

दाब पंपातून येत नाही, हे आताच पाहिले. मागणीचेही तेच आहे. एकेकटा शेतकरी बोलला तर तेल टाकीत परत जाते. गळती बंद करून सगळे एका बाजूला लागले तरच काटा वर चढतो. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपली वही घेऊन यावे.