लोकापवाद आणि लोकधर्म
(गोरेगाव, जि. गोंदिया येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



साहित्य, धर्म, संस्कृती आणि नीती यांतील मानवी मूल्ये, असा विषय मला देण्यात आला आहे. विषय इतका विस्तृत आहे की, सद्गुणांची नुसती नावे घेत राहिलो तरी तास संपेल आणि हाती काहीच लागणार नाही. म्हणून एकच ग्रंथ आणि त्यातील एकच प्रश्न मी आपल्यासमोर ठेवणार आहे.

त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आपल्याच जिल्ह्यात आमगावजवळ पद्मपूर आहे. भवभूतीने स्वतःचे मूळ गाव म्हणून विदर्भातील ज्या पद्मपुराचा उल्लेख केला ते हेच, असे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार मांडले. आमगावच्या महाविद्यालयालाही भवभूतीचेच नाव आहे. आठव्या शतकातील हा कवी कनोजच्या यशोवर्म्याच्या आश्रयास होता, असा उल्लेख कल्हणाच्या राजतरंगिणीत सापडतो. घराणे वेदाध्ययनाचे, पित्याचे नाव नीलकंठ, मातेचे जातुकर्णी. अशा श्रोत्रिय कुळात जन्मलेला हा विद्वान नाटककार झाला आणि त्याची तिन्ही नाटके सादर झाली ती कालप्रियनाथाच्या यात्रेत. नाटकांच्या प्रस्तावनांतच तसा निर्देश आहे.

यात्रेतील नाटक म्हणजे काय, हे झाडीपट्टीला समजावून सांगण्याची गरज नाही. धान हाताशी येते, दिवाळी सरते, भाऊबीज होते आणि गावोगावी मंडई भरू लागते. माहेरवाशिणी येतात, सोयरे येतात, रात्री दंडार उभी राहते आणि अवघे गाव एका ठिकाणी बसते. भवभूतीला असाच प्रेक्षक समोर दिसत असावा, असे मला उत्तररामचरित वाचताना वाटते.

या नाटकाचे बीज आहे लोकापवाद. रावणवध झाला, अग्निशुद्धी झाली, राज्याभिषेक झाला. तरीही अयोध्येतील काही तोंडे बंद झाली नाहीत. पहिल्या अंकात राम आणि सीता आपल्याच गतायुष्याची चित्रे पाहतात. थकलेली, गर्भवती सीता रामाच्या बाहूवर डोके ठेवून झोपी जाते. तेवढ्यात प्रजेचे मत जाणून घेण्यासाठी नेमलेला दुर्मुख येतो आणि ऐकलेली निंदा रामाच्या कानात सांगतो. प्रेक्षकाला ती ऐकू येत नाही! ज्या शब्दांनी एका साध्वीचा संसार मोडला, ते शब्द भवभूतीने रंगभूमीवर उच्चारूच दिले नाहीत. निंदेचा परिणाम दाखवायचा, पण निंदेची पुनरुक्ती करायची नाही, हा विवेक त्याने पाळला.

पत्रकार म्हणून मला हा प्रसंग फार बोलका वाटतो. ‘चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून’ हे शीर्षक आपण सर्वांनी वाचलेले आहे. संशय कुणाचा? मारणाऱ्याचा. पुरावा कोणता? बहुधा कोणताच नाही. आपली बाजू मांडायला ती स्त्री हयात नाही. पण तिच्या नावाशेजारी तो शब्द कायमचा छापला जातो आणि तिच्या लेकरांनाही तो वाचावा लागतो. गुन्हा पतीचा आणि शिक्का पत्नीवर, अशी ही रीत आहे. पूर्वी निंदा पसरायला पाणवठा लागे. आता हातातला मोबाइल पुरतो. दुर्मुखाने निदान आवाज खाली केला होता.

श्रीराम आपले आराध्य आहेत. मग त्यांच्या निर्णयाविषयी प्रश्न विचारावा का, असा संकोच अनेकांना वाटतो. भवभूतीला तो वाटला नाही. रामावर त्याची निष्ठा होती आणि म्हणूनच रामाचे दुःख तो इतक्या खोलवर जाऊन पाहू शकला. पण त्याच नाटकात वनदेवता वासंती रामाला समोर उभे करून जाब विचारते. सीतेचे पिता जनक संतापाने पेटतात. वसिष्ठपत्नी अरुंधती तर, सून नसलेल्या अयोध्येत मी पाऊल ठेवणार नाही, असे ठरवते. राममाताही तिच्यासोबत राहतात आणि अखेर सारे वाल्मीकींच्या आश्रमाकडे वळतात. घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया अन्यायाच्या बाजूने उभ्या राहिल्या नाहीत, ही गोष्ट आपण आपल्या मुलींना आवर्जून सांगितली पाहिजे. पुढे हीच अरुंधती म्हणते की, पूज्यता गुणांमध्ये असते. तेथे स्त्री की पुरुष, लहान की मोठा, हे पाहायचे नसते. हा विचार रामकथेच्या अंगणात, एका ऋषिपत्नीच्या मुखातून आलेला आहे.

शंबूकाचा प्रसंगही भवभूतीने टाळलेला नाही. आजचा वाचक तेथे अस्वस्थ होऊन थांबतो आणि त्याने थांबलेच पाहिजे. जन्मावरून माणसाचा तपाचा अधिकार ठरावा, हे आज कोणाही सुजाणाला मान्य होणार नाही. परंतु शस्त्र उचलताना रामाचा हात अडखळतो, हे भवभूतीने दाखविले आहे. गर्भवती सीतेला वनात धाडणाऱ्या या हाताला दया कोठून असणार, असे राम स्वतःलाच टोचून घेतो. आपल्या परंपरेतील थोर ग्रंथ आपल्याला असे अस्वस्थ करतात. त्यांची पूजा करून ते कापडात गुंडाळून ठेवले, तर ही अस्वस्थता टळते. पण संस्कारही टळतो.

आता शेवटचा अंक पाहू. वाल्मीकींच्या उत्तरकांडात सीता भूमीच्या उदरात जाते. भवभूतीने हा शेवट बदलला. सातव्या अंकात गंगेच्या तीरावर नाटकातच एक नाटक उभे राहते. कथा वाल्मीकींची, प्रयोग अप्सरांचा, दिग्दर्शन भरतमुनींचे. प्रेक्षकांत राम आहे आणि अयोध्येची प्रजाही आहे. जिच्याविषयी आपण बोललो, तिच्यावर काय कोसळले, ते प्रजा आपल्या डोळ्यांनी पाहते. गंगेत उडी घेणारी सीता, तेथेच जन्मलेली दोन बालके, त्यांना सावरणाऱ्या पृथ्वी आणि भागीरथी. मग अरुंधती खऱ्या सीतेला घेऊन येते आणि प्रजेलाच विचारते की, आता तुमचे म्हणणे काय? लोक सीतेपुढे नतमस्तक होतात आणि त्यानंतरच राम-सीतेचे पुनर्मीलन होते.

बंधु-भगिनींनो, पुनर्मीलनाइतकाच हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. सीतात्यागाची चर्चा करताना आपण सारा भार एकट्या रामावर टाकतो. भवभूतीने तो प्रजेसमोर नेऊन ठेवला. राजाने लोकमताचा मान राखावा हा राजधर्म असेल, तर मान राखण्याजोगे मत बनविणे हा लोकधर्म आहे. कान देणारे नसते, तर दुर्मुखाला सांगण्यासारखे काही उरलेच नसते. साहित्य माणसाला दुसऱ्याच्या दुःखासमोर बसविते, धर्म त्याला आपल्या वाणीचा हिशोब मागतो, संस्कृती हे सारे यात्रेच्या मांडवात सर्वांच्या साक्षीने घडविते आणि नीती मात्र मांडव उठल्यावर, घरी परतताना सुरू होते.

आपल्याकडे मंडईच्या निमित्ताने सोयरिकी जुळतात. एखाद्या मुलीविषयी कोणी सहज एक वाक्य बोलून जातो आणि ठरत आलेले स्थळ मोडते. बोलणारा ते दुसऱ्या दिवशी विसरतो. त्या घराला मात्र ते वर्षानुवर्षे पुरते. असे वाक्य कानावर आले, तर त्याच ठिकाणी विचारावे : तुम्ही स्वतः पाहिले का? ही गोष्ट तिच्या वडिलांसमोर सांगाल का? नसेल, तर ती आपल्यापाशीच थांबवावी. एवढे धैर्य घराघरांत आले, तर पद्मपुराच्या या कवीचे आपण काही देणे फेडले, असे म्हणता येईल.