बैल, हत्ती, घोडा आणि घोड्यावर माकड
(चातुर्मास व्याख्यानमालेतील व्याख्यान, संक्षिप्त)

मंडळी, कुठल्याही जैन पाठशाळेत तीर्थंकरांची नावं म्हणताना मुलांचा आवाज ऐका. ऋषभ, अजित, संभव असा चढा सूर लागतो. बाराव्या-तेराव्यापाशी तो खाली येतो. विमल, अनंत, धर्म, शांती यांत निम्मे गडी नुसते ओठ हलवतात. पार्श्वनाथ-महावीर आले की पुन्हा सगळे जोरात! मधल्या मंडळींचं काय करायचं, एवढाच माझा आजचा प्रश्न आहे.

भिंतीवरच्या तक्त्यात प्रत्येकाखाली लांछन, म्हणजे त्या तीर्थंकराचं ओळखचिन्ह, छापलेलं असतं. ते मुलांच्या सोयीसाठी आलेलं नाही बरं का. मथुरेच्या कुषाणकालीन मूर्ती पाहा. ऋषभनाथांच्या खांद्यावर रुळणाऱ्या जटा आणि पार्श्वनाथांच्या डोक्यावरचा फणा सोडला, तर कोण कोणते हे पीठावरचा लेख वाचल्याशिवाय सहसा कळत नाही. राजगीरच्या गुप्तकालीन नेमिनाथांच्या पीठावर शंख दिसतो. चोवीस लांछनांची पुरी यादी रुळली ती त्यानंतर. मूर्ती ओळखण्याची ही खूण आपण पाठांतराला जुंपली. उत्तम केलं, पण काम अर्धंच झालं.

मुलाला दोन गाठी मारायच्या असतात. एक चित्राची नावाशी, दुसरी चित्राची क्रमाशी. पहिली बऱ्याचदा आपोआप बसते. चंद्रप्रभांचा चंद्र आणि पद्मप्रभांचं कमळ शिकवावं लागत नाही. पार्श्वनाथांचा नाग, वैरी कमठाने दिलेल्या त्रासाची म्हणजे उपसर्गाची गोष्ट सांगितली की जन्मभर राहतो. वासुपूज्यांचा रेडा आणि मुनिसुव्रतांचं कासव मात्र घोकावंच लागतं, तिथे माझ्याकडेही युक्ती नाही. दुसऱ्या गाठीसाठी तक्ता काहीच करत नाही. चोवीस चौकोनांत चोवीस चित्रं शेजाऱ्याकडे न बघता बसलेली असतात.

त्यांना एकमेकांत गुंतवा. मुलाला कोरा कागद द्या. पुढे बैल. त्याची शेपटी सोंडेत धरलेला हत्ती. हत्तीमागे घोडा, घोड्यावर माकड, माकडाच्या काखेत चक्रवाक, चक्रवाकाच्या चोचीत लाल कमळ. कमळाच्या देठाने जमिनीवर स्वस्तिक रेखलं जातंय आणि स्वस्तिकाच्या टोकाला चंद्रकोर अडकलीय. आठ झाले. चंद्रकोर गिळायला मगर आ वासून उभी, तिची शेपटी कल्पवृक्षाला वेढलेली, त्याच झाडाला गेंडा अंग घासतोय. अकरा! पुढचं मुलांनीच जुळवावं. मोठ्यांनी तयार करून दिलेली साखळी मोठ्यांच्याच लक्षात राहते.

यावर कपाळाला आठ्या पडतात. पवित्र लांछनांचा असा खेळ करायचा? अशा वेळी मला 1470च्या सुमारास जर्मनीत लाकडी ठशांवर छापलेलं ‘आर्स मेमोरांदी’ नावाचं पुस्तक आठवतं. चार शुभवर्तमानांतले अध्याय क्रमाने ध्यानात राहावेत म्हणून ते काढलं. योहानाचं प्रतीक गरुड. तर त्या गरुडाच्या छातीवर चक्क ल्यूट नावाचं तंतुवाद्य टांगलंय, कारण दुसऱ्या अध्यायात काना गावचं लग्न आहे. चौथ्यासाठी बादली, विहिरीवरच्या शोमरोनी बाईची. हे करणारे टवाळ नव्हते, श्रद्धावान ख्रिस्ती होते. जे नेहमीचं ते निसटतं आणि जे विचित्र किंवा हास्यास्पद ते टिकतं, हे त्यांच्या आधी दीड हजार वर्षं रोमन वक्तृत्वाच्या ग्रंथात सांगून झालं होतं. हल्लीच्या गुळगुळीत, गोड चेहऱ्यांच्या रंगीत स्टिकरांबद्दल माझी तक्रार हीच आहे. त्यांत डोळा अडकायला काही नसतं.

एक व्यवहाराची गोष्ट. तक्ता विकत घेताना तो कुणाच्या परंपरेचा आहे ते पाहा. मी सांगितलेली साखळी दिगंबर परंपरेची आहे. श्वेतांबरांत सुमतिनाथांचा क्रौंच आणि शीतलनाथांचा श्रीवत्स, म्हणजे गेंड्याला घासायला झाडच नाही! अनंतनाथांचं आपल्याकडे साळिंदर, तिकडे ससाणा. अरनाथांचा आपल्याकडे मासा, तिकडे नंद्यावर्त. घरी एक आणि पाठशाळेत दुसरा तक्ता असला, तर पोर गोंधळतं आणि बोलणी खातं.

मल्लिनाथांचा कलश दोन्हीकडे सारखाच. पण श्वेतांबर मल्लींना स्त्री मानतात आणि दिगंबर पुरुष. स्त्रीला त्याच देहाने मोक्ष मिळतो की नाही, हा शतकानुशतकांचा वाद त्यामागे आहे. एकोणिसावं चित्र काढून झालं की मुलांना हे सांगा, आणि मग विशेषतः मुली काय विचारतात त्याला उत्तर द्यायची तयारी ठेवा.