घोसरीची लढाई आणि आपला फलक



मला पाच मिनिटं दिली आहेत आणि माझा विषय एकच आहे. शाळेच्या फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला, आपण वीर बाबुराव शेडमाके यांच्या नावाचा फलक लावतो आहोत. जागा ठरली, दगड ठरला, वर्गणीही बरीचशी जमली. राहिला तो मजकूर.

ग्रुपवर फिरणारा मसुदा सगळ्यांनी वाचलाच असेल. ‘थोर क्रांतिकारक, महान शूरवीर, आदिवासींचे स्फूर्तिस्थान, यांना विनम्र अभिवादन.’ आणि खाली ‘सौजन्य’ म्हणून आपल्या सगळ्यांची नावं, गावासकट आणि हुद्द्यासकट. बाबुरावांच्या वाट्याला दोन ओळी आणि आपल्या वाट्याला अकरा. मी मोजल्या. मोजायची सवय नोकरीमुळे लागली आहे.

नावांचं एकवेळ जाऊ द्या. माझी खरी हरकत वरच्या दोन ओळींना आहे. त्या नागपूरला लावा, पुण्याला लावा, कुणाही वीराच्या नावाखाली लावा, चालून जातील. हा फलक पोंभुर्ण्यातच काहून, हे त्यातून कळत नाही. आणि सांगण्यासारखं तर पुष्कळ आहे.

१८५४ साली नागपूरकर भोसल्यांचं राज्य खालसा झालं आणि त्याबरोबर आपला चांदा इंग्रजांच्या हाती गेला. पिढ्यान्‌पिढ्या जंगल आणि गावं सांभाळणाऱ्या गोंड जमीनदारांवर चांद्याच्या डेप्युटी कमिशनरचा हुकूम चालू लागला. मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबुराव पुलेश्वर शेडमाके यांनी आसपासच्या गावांतली सुमारे पाचशे पोरं जमवली आणि जंगोम दल उभं केलं. ७ मार्च १८५८ ला या दलानं राजगड परगणा घेतला. डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन यानं चांद्याहून फौज पाठवली. १३ मार्चला नांदगाव-घोसरीला गाठ पडली आणि फौजेला माघार घ्यावी लागली.

घोसरी म्हणजे आपल्याच तालुक्यातली घोसरी. तिकडून आपल्या वर्गातली मुलं सायकलनं यायची आणि पावसाळ्यात चिखलानं भरलेले पाय घेऊन प्रार्थनेला उभी राहायची. त्या मुलांना आणि आपल्याला झाशी पाठ होती, मेरठ पाठ होतं, कानपूर पाठ होतं. आपल्या सायकलच्या वाटेवर १८५८ साली लढाई झाली, हे मला नोकरी लागल्यानंतर, दूर शहरातल्या एका ग्रंथालयात बसून कळलं.

आणखी एक हिशेब सांगते. बाबुरावांचा जन्म १२ मार्च १८३३ चा. म्हणजे घोसरीच्या लढाईच्या आदल्या दिवशी त्यांना पंचवीस वर्षं पूर्ण झाली होती. आज इथे बसलेल्या काहींची मुलं त्या वयाची आहेत.

पुढे सगनापूर, बामणपेठ इथे चकमकी झाल्या. आडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव येऊन मिळाले. २९ एप्रिलला प्राणहितेकाठी चिंचगुंडीच्या तळावर छापा पडला आणि त्यात गार्टलंड आणि हॉल हे तारखात्याचे दोन इंग्रज मारले गेले. त्या काळी तार ही इंग्रजांची मोठी ताकद होती. जी खबर घोडेस्वार आठवडाभरानं पोचवायचा, ती तासाभरात कलकत्त्याला जायची. मी स्वतः निरोप पोचवणाऱ्या यंत्रणांवर काम करते, म्हणून या छाप्याचा अर्थ मला लगेच लागतो. पण ती दोन माणसं पगारी नोकर होती, हेही मला विसरता येत नाही.

आता थोडं अवघड. बाबुराव इंग्रज फौजेच्या हाती लागले नाहीत. १८ सप्टेंबरला त्यांना पकडलं ते अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्या माणसांनी. झाशीची लक्ष्मीबाई त्याच वर्षी जून महिन्यात लढता लढता पडली होती. नाव एक, साल एक, आणि बाजू उलट. अहेरीच्या लक्ष्मीबाईंना त्याबद्दल जप्त झालेल्या आडपल्ली-घोट जमीनदारीतली सदुसष्ट गावं बक्षीस मिळाली. २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या तुरुंगात बाबुरावांना फाशी दिली. पुढे अकरा दिवसांनी, १ नोव्हेंबरला, राणीचा माफीचा जाहीरनामा निघाला. इंग्रजांच्या खुनात हात असलेल्यांना त्या माफीतून वगळलं होतं, त्यामुळे त्यानं त्यांचा जीव वाचला नसताच.

अहेरीची गोष्ट सोहळ्यात कशाला, असं कालच एक मैत्रीण म्हणाली. दगडावर ती नसावी, हे मलाही पटतं, कारण दगडावर जे इथे घडलं तेवढंच यावं. पण वर्गात ती सांगायलाच हवी. ‘मग त्यांना धरलं कुणी?’ हा प्रश्न सातवीतलं पोरगं विचारणारच, आणि तेव्हा गुरुजींनी खिडकीबाहेर बघू नये.

मोबाइलच्या एका एसएमएसमध्ये इंग्रजीची १६० अक्षरं मावतात, देवनागरीची ७०. रस्त्याकडेच्या फलकाला मी त्याहून थोडी जास्त सूट देते, पण मोटरसायकल जरा हळू केली की वाचून व्हायला हवा. म्हणून माझा मसुदा असा:

‘१३ मार्च १८५८ रोजी आपल्या तालुक्यातील घोसरी येथे मोलमपल्लीचे बाबुराव पुलेश्वर शेडमाके आणि त्यांच्या जंगोम दलाने इंग्रज फौजेला माघार घ्यायला लावली. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली. वय २५.’

यात एकही विशेषण नाही. खाली ‘माजी विद्यार्थी’ एवढे दोन शब्द पुरेत. ज्यांना नाव हवंच आहे त्यांचं नाव वर्गणीच्या पावतीवर येईल.

आणि एक ओळ गोंडीत हवी. लिपी कोणती, यावर ग्रुपवर दोन दिवस वाद चालला. मसराम गोंडी लिपी २०१७ साली युनिकोडमध्ये आली, गुंजाळा गोंडी २०१८ साली, तेव्हा छपाईची अडचण कुणी पुढे करू नये. तरी माझं मत देवनागरीचं आहे, कारण आपल्या भागातली गोंडी बोलणारी पोरं आज तीच लिपी वाचतात. मात्र ती ओळ मी लिहिणार नाही. मला गोंडी येते ती बाजारापुरती. आपल्या वर्गातल्या दोघांच्या आया आज मागच्या रांगेत बसल्या आहेत, दोघींच्या घरी गोंडीच बोलतात. जेवणाची पंगत बसायच्या आधी मी वही घेऊन त्यांच्याकडे जाते आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी सोबत या.