मृगाच्या आधीची लस

(वसंत व्याख्यानमालेत जळगाव येथे दिलेले व्याख्यान)



ज्या व्यासपीठावरून इतिहास, साहित्य आणि तत्त्वज्ञान यांवरची व्याख्याने ऐकण्याची आपणांस सवय आहे, त्या व्यासपीठावर एका लशीविषयी, आणि तीही ती केव्हा घ्यावी एवढ्याच प्रश्नाविषयी, बोलण्याची मुभा चालकांनी मला दिली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. हा विषय मी याच ऋतूत मागून घेतला. पासष्टी ओलांडलेल्या स्त्रीपुरुषांनी, आणि मधुमेह, दमा, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार जडलेल्यांनी त्याहून कमी वयातही, फ्लूची लस वर्षातून एकदा घ्यावी, हे आता बहुतेकांच्या कानावर आलेले असते. पण खानदेशात राहणाऱ्याने ती कोणत्या महिन्यात घ्यावी, याचे उत्तर फार थोड्यांजवळ असते, आणि ज्यांच्याजवळ असते त्यांचे ते पुष्कळदा परमुलखातून आलेले असते. माझे उत्तर मी आरंभीच सांगून टाकतो: आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की घ्यावी, आणि मृग लागण्यापूर्वी घ्यावी. आजचे व्याख्यान हे या एका वाक्याचे समर्थन आहे.

परमुलखातून येणारे उत्तर ‘सप्टेंबर-ऑक्टोबर’ असे असते. ज्यांचा मुलगा अमेरिकेत नोकरीला आहे अशा चाळीसगाव-अमळनेरकडच्या घरांत ते फोनवरून येते, आणि मुलाने कळकळीने सांगितले म्हणून वडील ते शिरोधार्य मानून दसऱ्यापर्यंत थांबतात. मुलाचे सांगणे त्याच्या गावापुरते अगदी यथार्थ असते. तिकडे ही साथ हिवाळ्यात येते. लस टोचल्यापासून अंगी प्रतिकारशक्ती बाणण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. आणि ती शक्ती महिन्यागणिक, वृद्धांच्या ठायी तर विशेषच, ओसरत जाते. म्हणून तेथील आरोग्यखाते वृद्धांना जुलै-ऑगस्टमध्ये घाई करू नका, सप्टेंबर-ऑक्टोबर साधा, असे बजावते. साथीच्या फार आधी नको आणि साथ दाराशी येईपर्यंतही थांबू नये, हे त्या उपदेशातले तत्त्व सर्व जगाला लागू आहे. महिना मात्र ज्या त्या मुलखाच्या थंडीपावसावर ठरतो. तत्त्व बाजूला राहून महिनाच उचलला गेला, की आपला वृद्ध दसऱ्याला लस घेतो आणि आपल्याकडची मोठी साथ तोवर बहुधा येऊन गेलेली असते.

आपल्याकडची साथ केव्हा येते, हे आता तर्काने सांगावे लागत नाही. पुण्यात १९५२ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर प्रतिष्ठान यांच्या सहकार्याने जे विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले, आणि १९७८ पासून जे राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था या नावाने ओळखले जाते, तेथील संशोधकांनी देशभरातील सहकाऱ्यांच्या मदतीने निरनिराळ्या शहरांतल्या रुग्णांच्या नाकाघशातील स्रावांची वर्षानुवर्षे तपासणी केली, आणि २०१५ साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. श्रीनगरास ही साथ युरोपाप्रमाणे जानेवारी ते मार्च या काळात शिगेस पोहोचते. चेन्नई आणि वेल्लोर येथे ती ईशान्य मोसमी पावसाच्या सोबतीने ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते. पण दिल्ली, लखनौ, कोलकाता, नागपूर आणि पुणे येथे तिचा भर जून-जुलैपासून सप्टेंबरपर्यंत, म्हणजे ऐन पावसाळ्यात असतो. या यादीत जळगाव आणि धुळे नाहीत. परंतु नागपूर आणि जळगाव ही जवळजवळ एकाच, एकविसाव्या, अक्षांशावरची शहरे आहेत, दोहोंचा उन्हाळा सारखाच दाहक आहे आणि दोहोंना पाऊसही एकाच नैर्ऋत्य वाऱ्यांचा आहे. तेव्हा नागपूरला जे लागू ते आपल्याला लागू, असे मानण्यास मला कोणतीही हरकत दिसत नाही. त्या संशोधकांनी अशा सर्व शहरांसाठी एप्रिल-मे हाच लशीचा काळ सुचवला आहे.

थंडीत पसरणारा रोग पावसात का पसरावा, ही शंका स्वाभाविक आहे. या विषाणूला दोन प्रकारची हवा मानवते असे आता दिसून आले आहे: एक कोरडी थंड आणि दुसरी सर्द पावसाळी. शिवाय वैशाखात अंगणात आणि गच्चीवर खाट टाकून निजणारा आपला माणूस श्रावणात दारेखिडक्या लावून एका खोलीत चौघांसह निजतो, याचाही विचार केला पाहिजे. श्रावणातच आपल्याकडे कानबाई देवी बसते, आणि तिच्या रोटांसाठी मुंबई-पुणे-सुरतेकडे पांगलेली सारी भाऊबंदकी एका घरात गोळा होते. सण मोडावा असे मी कधीही म्हणणार नाही. त्या सणापूर्वी घरातल्या आजी-आजोबांची लस झालेली असावी, एवढेच माझे मागणे आहे.

येथे मला एका जुन्या आपत्तीचा उल्लेख करावासा वाटतो. १९१८ च्या जून महिन्यात, पावसाळ्याच्या तोंडाशीच, इन्फ्लुएन्झा मुंबई बंदरात उतरला. पहिली लाट सौम्य होती, पण सप्टेंबरात जी दुसरी उसळली तिने एकट्या मुंबई शहरात ६ ऑक्टोबर या एका दिवशी ७६८ माणसे नेली, आणि मग ती आगगाडीच्या वाटेने इलाख्याच्या अंतर्भागात शिरली. आपला मुलूख त्या वेळी पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश अशा दोन जिल्ह्यांत विभागलेला होता. जळगाव आणि भुसावळ ही मुंबईशी लोहमार्गाने थेट जोडलेली गावे. आणि त्याच वर्षी पावसाने दगा दिल्यामुळे रयत आधीच अर्धपोटी होती. १९२१ ची खानेसुमारी झाली तेव्हा हिंदुस्थानची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा घटलेली आढळली. तसे त्यापूर्वीच्या वा नंतरच्या कोणत्याही खानेसुमारीत घडलेले नाही. रोगाचे मूळ असलेला विषाणू तेव्हा कोणी पाहिला नव्हता; माणसाच्या शरीरातून तो वेगळा काढला गेला तो १९३३ साली, लंडनमध्ये. त्या साथीने वीस ते चाळीस वयाची कर्ती माणसे निवडून नेली, आणि आजचा दरसालचा फ्लू मुख्यत्वे वृद्धांवर घाला घालतो, हा भेद मी विसरलेलो नाही; परंतु ज्या पिढीपाशी लसच नव्हती तिच्या नशिबी काय आले, हे लस हाताशी असूनही हयगय करणाऱ्या पिढीने ऐकून ठेवले पाहिजे.

आता माझ्या प्रतिपादनातली खरी अडचण सांगतो, कारण ती झाकून ठेवणे श्रोत्यांशी प्रामाणिकपणाचे होणार नाही. साथ दरवर्षी पावसाळ्याचाच नियम पाळते असे नाही. २०१५ साली देशात स्वाइन फ्लूचे सुमारे बेचाळीस हजार रुग्ण नोंदले गेले आणि जवळजवळ तीन हजार माणसे दगावली. तो सारा उद्रेक जानेवारी ते मार्च या महिन्यांत भरास आला होता, आणि महाराष्ट्र त्यात होरपळून निघाला. पुढे २०१७ साली पुन्हा मोठी साथ आली, ती मात्र पावसाळ्यात. म्हणजे आपल्या प्रदेशात एक मोठा हंगाम पावसाचा आणि एक लहान, पण कधी कधी उग्र होणारा, हंगाम थंडीच्या शेवटाचा. मे महिन्यात घेतलेली लस पुढल्या फेब्रुवारीपर्यंत पूर्ण जोमाने टिकेल अशी हमी मी वृद्ध माणसास देऊ शकत नाही. मग दोन हंगामांपैकी एकच साधायचा झाला तर कोणता साधावा? जो बहुधा येतोच तो साधावा, असा माझा निर्णय आहे. शिवाय शक्ती ओसरली तरी ती एका रात्रीत शून्यावर येत नाही; मे महिन्यात टोचून घेतलेला माणूस फेब्रुवारीतही अगदी निःशस्त्र नसतो.

लशीच्या पेटीवरील मजकुरानेही अनेकांचा गोंधळ होतो. हा विषाणू आपले रूप सतत पालटतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा पुढल्या हंगामाच्या लशीचे घटक ठरवते: फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी. घटक ठरल्यापासून लस सिद्ध होण्यास सुमारे सहा महिने लागतात. सबब फेब्रुवारीत ठरलेली लस गणपतीच्या सुमारास बाजारात येते, आणि सप्टेंबरात ठरलेली उन्हाळ्यात. नकाशावर आपण विषुववृत्ताच्या उत्तरेस असलो तरी आपल्या पावसाळ्यासाठी वेळेवर हाती येणारी नवी लस ही दक्षिण गोलार्धाची असते. तेव्हा मे महिन्यात पेटीवर ‘सदर्न हेमिस्फिअर’ अशी अक्षरे दिसली तर दुकानदाराने भलताच माल दिला असे समजू नये. उलट तीच मागावी, आणि पेटीवरचे साल व मुदत संपण्याची तारीख स्वतः वाचून पाहावी, कारण याच दिवसांत गेल्या हिवाळ्यातला शिल्लक माल मुदतीच्या अखेरीस आलेला असतो. नवी लस गावात मिळतच नसेल तर मुदतीतली जुनी घेणे हे काहीच न घेण्यापेक्षा बरे, कारण दोन्हींतले काही घटक पुष्कळदा सारखेच असतात. लस तीन घटकांची की चार घटकांची, यावर डोके शिणवू नये. चौथ्या घटकातला विषाणू मार्च २०२० नंतर जगात कोठेही खात्रीने आढळलेला नाही.

लशीने काय साधते? फ्लू होणारच नाही असे ती सांगत नाही. विषाणूशी तिचा मेळ चांगला बसला त्या वर्षी दवाखाना गाठावा लागेल असा आजार ती साधारण चाळीस ते साठ टक्क्यांनी कमी करते, आणि वृद्धांत हे प्रमाण याहूनही उणे असते. तरीही मी तिचा आग्रह धरतो, कारण फ्लू झालाच तर तो न्यूमोनियापर्यंत आणि अतिदक्षता विभागापर्यंत जाण्याचा संभव तिने घटतो. दुसरे कारण हृदयाचे आहे. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, फ्लूचे निदान झाल्यावर पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराचा झटका येण्याचे प्रमाण एरवीच्या सहापट होते. ज्या घरात वडिलांची अँजिओप्लास्टी झालेली आहे त्या घराने हा आकडा लक्षात ठेवावा.

यावल तालुक्यातील एका वयोवृद्ध माळकऱ्याने मला एकदा दंडावरची बाही वर करता करता मध्येच थांबून विचारले, “साहेब, ही सुई अंड्यातली आहे म्हणतात, खरं का?” मी म्हणालो, खरे आहे. बहुतेक फ्लू-लशींतला विषाणू कोंबडीच्या फलित अंड्यात वाढवतात, मग तो निष्प्राण करून शुद्ध करतात, आणि अंड्याचा अत्यल्प अंश त्यात उरतो. त्याने बाही खाली केली, आपल्या गावच्या कीर्तनकारबुवांशी बोलून येतो म्हणाला, आणि काही दिवसांनी येऊन लस टोचून घेतली. दुसऱ्या एकाने हेच उत्तर ऐकून हात जोडले आणि तो परत गेला. तो त्याचा अधिकार होता. वैद्याने खरे सांगावे आणि निर्णय रुग्णाच्या विवेकावर सोपवावा, याहून वेगळा मार्ग मला मान्य नाही. लशीनेच फ्लू होतो, ही समजूत मात्र निराधार आहे. निष्प्राण विषाणू रोग उत्पन्न करू शकत नाही. दंड एक-दोन दिवस दुखतो, क्वचित कणकण येते. पूर्वी याच लशीने तीव्र प्रतिक्रिया आलेल्यांनी ती घेऊ नये, आणि अंगात ताप असेल त्या दिवशी ती पुढे ढकलावी.

मे महिन्याचा आग्रह धरताना खानदेशच्या उन्हाचा बंदोबस्तही सांगितला पाहिजे. ही लस दोन ते आठ अंश तापमानात राहावी लागते. भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळिसाकडे झुकलेला असताना ती दुपारी दुकानातून घेऊन, खिशात घालून, बसने चोपड्यापर्यंत नेणे म्हणजे तिचे पाणी करणे आहे. बर्फाच्या लादीवर ठेवून गोठवलेली लसही तितकीच निकामी होते. ज्या दवाखान्यात टोचून घ्यायची तेथेच ती शीतकपाटातून निघावी, हे उत्तम. आणावीच लागली तर सकाळच्या प्रहरी, थर्मोकोलच्या पेटीत, थंड पिशवी व लस यांमध्ये कापडाचा किंवा पुठ्ठ्याचा थर ठेवून आणावी. दुकानात वीज गेल्यावर शीतकपाटाची काय तजवीज असते, हे विचारण्यात संकोच बाळगू नये.

मुदत मी मृगावरून मोजतो, त्याचे कारण आहे. आखाजी ही वैशाख शुद्ध तृतीया. चांद्र तिथी असल्याने ती कधी एप्रिलच्या उत्तरार्धात तर कधी मेच्या मध्यास येते. मृग मात्र सूर्याच्या गतीने लागतो, दरसाल ७-८ जूनलाच. त्यापूर्वीचे दोन आठवडे सोडले तर २४ मेच्या सुमारास लस झालेली असावी. काही कारणाने राहून गेली तर जून-जुलैतही घ्यावी. साथ चालू असताना घेतलेली लसही तिच्या उरलेल्या काळात उपयोगी पडते. पावसाळाच निघून गेला असेल तर गणपतीनंतर येणारी नवी लस थंडीपूर्वी घ्यावी. आणि मे महिन्यात लस घेऊन ऑक्टोबरात मुलाकडे अमेरिकेला निघालेल्या आईवडिलांनी तेथील हंगामाची लस पुन्हा घ्यावी. मधले अंतर पुरेसे असते.

लशीची किंमत हजार रुपयांच्या वर जाते, आणि वृद्धांसाठी ती राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात नाही. शेतमजुराच्या घरात हजार रुपये ही थोडी रक्कम नव्हे, आणि सरकारने वयाच्या आधारावर ती विनामूल्य द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तोपर्यंत समाजाने काही भार उचलावा म्हणून एक तजवीज सुचवतो. मुक्ताईची पालखी कोथळीहून ज्येष्ठात पंढरीची वाट धरते, आणि महिनाभर पावसापाण्यात, एका राहुटीत दाटीवाटीने निजत, पायी चालणाऱ्यांत साठी-सत्तरीची माणसे मोठ्या संख्येने असतात. फ्लूला याहून अनुकूल परिस्थिती शोधूनही सापडायची नाही. प्रत्येक दिंडीने वाटखर्चाची वर्गणी काढतानाच वृद्ध वारकऱ्यांच्या लशीची रक्कम तीत धरावी, वैशाख शुद्धातच नावांची यादी करावी, म्हणजे घाऊक व्यापाऱ्याकडून माल आगाऊ मागवता येईल, आणि प्रस्थानापूर्वी पुरे दोन आठवडे ठेवून एकाच सकाळी सर्वांना टोचून घेता येईल. ज्या दिंड्यांचे चालक या सभागृहात असतील त्यांनी व्याख्यान संपल्यावर मला येथेच भेटावे. लशीच्या थंड पेटीची आणि टोचणाऱ्या परिचारिकेची व्यवस्था मी पाहीन.