हाक कोणाची? ख्रिस्ती जीवनातील श्रवण आणि आज्ञापालन

(उपवासकाळातील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

परमेश्वराचे ऐकावे आणि ऐकलेल्याप्रमाणे वागावे, हा ख्रिस्ती जीवनाचा गाभा असल्याबद्दल कोणत्याही मंडळीत दुमत नाही. दुमत होते ते ऐकू आलेली हाक परमेश्वराचीच आहे हे ओळखायचे कसे, या प्रश्नावर. भक्तिपर लेखनात याचे उत्तर बहुधा एकांतात शोधले जाते: माणसाने गोंगाटापासून दूर जावे, मन निवू द्यावे, म्हणजे अंतःकरणातील वाणी स्पष्ट होते. या उत्तरात तथ्य आहे, कारण येशू स्वतः पहाटे निर्जन स्थळी जाऊन प्रार्थना करीत असे. तरीही प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन वेगळे आहे आणि ते आरंभीच मांडणे उचित ठरेल: हाक एकट्याला येऊ शकते, पण ती ओळखणे हे एकट्याचे काम नाही, आणि ओळखणारा कान मोठ्या दर्शनांतून घडत नाही, तो रोजच्या लहानसहान आज्ञापालनातून घडतो.

होरेब डोंगरावरचा एलीया आणि नासरेथातील मरियेचा होकार हे प्रसंग या सभागृहाला पाठ आहेत, त्यामुळे त्यांची उजळणी येथे केलेली नाही. पौलाच्या कथेतील एक तपशील मात्र सांगायला हवा. दिमिष्काच्या वाटेवर त्याला प्रत्यक्ष प्रभूची वाणी ऐकू आली, तरी पुढे काय करायचे हे तिने तेथे सांगितले नाही. शहरात जा, तेथे कळेल, एवढेच सांगितले, आणि पुढे त्याच्याकडे आला तो हनन्या नावाचा एक शिष्य, जो स्वतः पौलाच्या नावाने भीत होता. इतके थेट दर्शन झालेल्या माणसालाही दुसऱ्याच्या हाती सोपवले गेले, हे विसरता कामा नये.

या विचाराचा पाया शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातील तिसऱ्या अध्यायात आहे. शिलो येथील मंदिरात याजक एली, म्हणजे लोकांच्या वतीने अर्पणे वाहणारा सेवक, वृद्ध झाला होता, त्याची दृष्टी मंदावली होती आणि त्याच्या हाताखाली बालक शमुवेल सेवा करीत होता. परमेश्वराचा शब्द त्या काळी दुर्मीळ झाला होता, असे ग्रंथकर्ता स्पष्ट सांगतो. रात्री मुलाला हाक आली. एलीनेच बोलावले असे समजून तो धावत गेला, आणि असे तीनदा घडले. मध्यरात्री तिसऱ्यांदा हाक आली तरी कुरकुर न करता उठणारे मूल कोणत्याही आईला हवेसे वाटेल (हशा), परंतु ग्रंथकर्त्याचा हेतू केवळ त्या मुलाचा गुण सांगण्याचा नाही. शमुवेलाला अद्याप परमेश्वराची ओळख झालेली नव्हती, असेही तो नोंदवतो. म्हणजे त्या रात्रीचे त्याचे उठणे हे त्याच्या समजुतीप्रमाणे एका अंधुक दृष्टीच्या म्हाताऱ्यासाठी होते. माणसाच्या गरजेला उठण्याची सवय त्याच्या अंगी होती, म्हणून परमेश्वराच्या हाकेलाही तो उठला.

याहून महत्त्वाचा आहे एली. ज्याला ऐकू येते त्याला हाक ओळखता येत नाही आणि ज्याला ओळखता येते त्याला ती ऐकू येत नाही, अशी या प्रसंगाची रचना आहे. दोघांपैकी कोणीही एकटा पुरेसा नाही. शिवाय जो संदेश आला तो एलीच्याच घराण्याविरुद्ध होता, कारण त्याच्या मुलांनी चालवलेला अनाचार त्याने रोखला नव्हता. मुलगा सकाळपर्यंत निजून राहिला, नेहमीप्रमाणे त्याने मंदिराची दारे उघडली, आणि संदेश सांगायला तो घाबरला. तेव्हा एलीनेच त्याला काहीही न लपवता सांगण्याची आज्ञा केली आणि स्वतःविरुद्धचा निर्णय परमेश्वराचा म्हणून स्वीकारला. बाप म्हणून एली चुकला होता. पण आपल्याविरुद्धचा शब्द धाकट्याच्या तोंडून मागून घेण्याचे त्याचे धैर्य प्रत्येक पाळकाने आणि प्रत्येक आईवडिलांनी अभ्यासावे असे आहे.

ख्रिस्ती परंपरेने हे सूत्र नियमबद्धही केले. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्या ७३ प्रकरणांपैकी तिसऱ्यात मठाधिपतीने महत्त्वाच्या निर्णयापूर्वी सर्व बंधूंना एकत्र बोलवावे असे सांगितले आहे, कारण प्रभू पुष्कळदा धाकट्याला अधिक योग्य मार्ग दाखवतो. ज्या ग्रंथात आज्ञाधारकतेवर इतका भर आहे, त्याच ग्रंथाने आज्ञा देणाऱ्यावर ऐकण्याचे बंधन घातले आहे.

यापुढे पंडिता रमाबाईंचा उल्लेख ओझरता करण्याचा बेत होता. परंतु या प्रतिपादनाची खरी कसोटी त्यांच्याच चरित्रात लागत असल्याने येथे विस्तार अटळ आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वॉन्टेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तेथील अँग्लिकन भगिनीसंघाने त्यांना आसरा दिला होता, आणि त्या संघातील सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो मराठी ख्रिस्ती इतिहासातील आज्ञापालनावरचा सर्वांत प्रखर संवाद आहे. त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयी, म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा हा एकच परमेश्वर आहे या शिकवणुकीविषयी, रमाबाईंना शंका होत्या. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात असताना पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याच्या प्रस्तावाला हिंदुस्थानातील बिशपांनी विरोध केला, तेव्हा रमाबाईंनी आपला निषेध लपवला नाही. एका पुरोहितवर्गाच्या अधिकारातून सुटून दुसऱ्याच्या अधिकारात सदसद्विवेक गहाण टाकायला त्या तयार नव्हत्या.

मग त्या एकट्यानेच ऐकत होत्या काय? वरवर तसे दिसते, आणि या व्याख्यानाच्या विरोधात त्यांचे उदाहरण देता येईल. तथापि पत्रे वाचली असता उलट चित्र दिसते. मतभेद झाला म्हणून त्यांनी संवाद तोडला नाही. जाब विचारू दिला, उत्तर दिले आणि पुन्हा विचारले. सल्ला ऐकणे आणि विवेक दुसऱ्याच्या स्वाधीन करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यांनी आचरणातून दाखवले. पुढे मुंबईत ११ मार्च १८८९ रोजी शारदा सदन हे त्यांचे स्त्रियांसाठीचे निवासी विद्यालय सुरू झाले, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन उपासमारीत सापडलेल्या शेकडो मुली व स्त्रिया घेऊन आल्या. तेथे जाण्याची प्रेरणा आकाशवाणीसारखी आली नव्हती. तरुणपणी दुष्काळातच आईवडील गमावलेल्या स्त्रीला स्वतःच्या भुकेची आठवण स्वस्थ बसू देईना. केडगावचे मुक्ती मिशन त्यातून वाढले. शमुवेल जसा म्हाताऱ्याच्या गरजेला उठला, तशाच रमाबाई भुकेल्यांच्या गरजेला उठल्या, आणि परमेश्वराची हाक त्या गरजेच्या आतच होती. त्यानंतर मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून साध्या मराठीत बायबल आणण्याचे काम त्यांनी १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत केले, कारण जो शब्द आपण ऐकला तो अल्पशिक्षित स्त्रीलाही स्वतः वाचून पारखता यावा, अशी त्यांची तळमळ होती.

दरम्यान एका श्रोत्याने चिठ्ठीद्वारे विचारले आहे की, असे असेल तर संदेष्ट्याने बहुमत घ्यावे काय. प्रश्न रास्त आहे, आणि या प्रतिपादनाचा असा विपर्यास होऊ नये म्हणून ठाम उत्तर देणे भाग आहे. पारख म्हणजे मतदान नव्हे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात पेत्र व इतर प्रेषित धर्मसभेला सांगतात की माणसांपेक्षा परमेश्वराची आज्ञा मानणे भाग आहे. पण ते धर्मसभेसमोर उभे राहून, प्रश्नांना सामोरे जाऊन बोलतात आणि त्याची किंमत फटके खाऊन मोजतात. धोका बहुमतात जितका आहे, त्याहून अधिक तो परमेश्वराचे नाव घेऊन चर्चा बंद करणाऱ्या माणसात आहे. मुलीचे लग्न, संस्थेचा पैसा, मंडळीतील पद या बाबतींत ईश्वरी आदेशाचा दाखला देऊन इतरांची तोंडे बंद करण्यात आली, तेव्हा तेथे परमेश्वराचा मान राखला गेला नाही, त्याच्या नावाचा वापर झाला. हे बोल कठोर वाटतील. ते मागे घेण्याचे कारण दिसत नाही.

वेळ संपत आल्याची खूण अध्यक्षांनी केली आहे, त्यामुळे व्यवहारातील साधनांचा निर्देश थोडक्यात करणे प्राप्त आहे. संत इग्नेशियस लोयोला यांच्या १५४८ साली छापल्या गेलेल्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकात दिवसाच्या आत्मपरीक्षणाचे पाच टप्पे दिले आहेत: आभार मानणे, प्रकाश मागणे, दिवस तपासणे, क्षमा मागणे आणि उद्याचा निश्चय करणे. मन उदास व कोरडे असताना पूर्वी केलेला निश्चय बदलू नये, हा त्यांचाच नियम अनेक घरे वाचवू शकेल. याला एक जोड द्यावी: आठवड्यातून एकदा हे परीक्षण दुसऱ्या कोणाला, पत्नीला, पतीला, मित्राला किंवा पाळकाला ऐकवावे, आणि त्याने विचारलेल्या प्रश्नावर लगेच उत्तर न देता तो रात्रभर मनात राहू द्यावा.

शेवटी, नवी वाणी मागण्यापूर्वी जुनी आज्ञा पाळली आहे काय, हे पाहणे आवश्यक आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातील पाचव्या अध्यायात येशूने सांगितले आहे की वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा. जमिनीच्या वाटणीवरून सख्ख्या भावाशी बोलणे टाकलेल्या माणसाला परमेश्वराची इच्छा कळत नाही असे नाही. ती त्याला कळलेली आहे, आणि ती पाळेपर्यंत पुढचा शब्द ऐकू येण्याची अपेक्षा करण्याचा त्याला अधिकार नाही. म्हणून या उपवासकाळात मौनाची एक घटका अवश्य पाळावी, परंतु ज्याच्याशी बोलणे थांबले आहे त्याच्या दारी आधी जावे. ऐकण्याचे शिक्षण तेथून सुरू होते, आणि आज्ञापालनाचेही.